सदतीस वर्षांची लेखनसाधना

ख्रिस्तपुराणाचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील चार-दोन ओव्या व्यासपीठांवरून म्हटल्या जातात, त्यांना टाळ्याही पडतात. उरलेल्या ओव्यांकडे मात्र क्वचितच कोणी वळतो. म्हणून आज त्या काव्यामागील श्रमांविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्याचे. येशूसंघात प्रवेश केल्यावर ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन बंदर सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. पुढचे आयुष्य बहुतांशी साष्टीतच गेले. १५८३ साली भावाला धाडलेल्या पत्रात ते लिहितात की, येथील भाषांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे. ही जाण चार वर्षांत आली. ओवी यायला मात्र कित्येक वर्षे जावी लागली.

पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो: जुनी पुराणे तर दूर झाली, आता आम्ही वाचावे काय? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एखाद्या प्रवचनात देऊन मोकळे होता आले असते. स्टीफन्सनी उत्तरादाखल १०,९६२ ओव्या लिहिल्या. पहिल्या पुराणात ४,१८१, दुसऱ्यात ६,७८१. रविवारचे एक प्रवचन लिहिताना शनिवारची रात्र कशी सरते, हे आम्हां धर्मगुरूंना चांगले ठाऊक आहे. त्यामुळे हे आकडे आम्ही जरा थांबूनच वाचतो.

आम्हांला अधिक मोलाची वाटते ती त्यांची गद्य प्रस्तावना. शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नाही, म्हणून मागील कवीश्वरांचे बरेचसे अवघड शब्द आपण टाकून दिले आणि जागोजागी ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे ते तेथे सांगतात. परक्या भाषेतील भारदस्त शब्द कष्टाने कमवायचे आणि मग वाचकासाठी तेच बाजूस ठेवायचे! रोममधील नवशिष्यालय ज्याला विद्वान करू शकले, त्याला हा संयम शिकवला तो साष्टीच्या श्रोत्यांनी आणि हातातल्या लेखणीने, असे आमचे मत आहे.

एक इच्छा अपुरी राहिली. डिसेंबर १६०८ मध्ये त्यांनी संघाच्या वरिष्ठांना पत्र लिहून देशी लिपीत छपाईची परवानगी मागितली. मलबारात तशी पुस्तके निघाली होती. येथील अक्षरे स्वरयुक्त, म्हणून साचे सहाशेच्या घरात जात. ते प्रयत्नाने दोनशेवर आणता येतील, हा हिशेबही त्यांनी मांडला. कवीने साचेही मोजावेत, ही गोष्ट आम्हांस फार भावते. खिळे काही आले नाहीत. १६१६ साली राचोल येथे पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स वारले. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० साली निघाले.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी पुराणाच्या हस्तलिखित प्रती टिकल्या. छापील देवनागरी आवृत्ती पुण्याहून १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी काढली. राचोलच्या छापखान्यानंतर तोवर ३४० वर्षे उलटली होती.