जेऊरहून व्हिएन्नाला
साल 1952. तुम्ही जेऊर स्टेशनच्या फलाटावर उभे आहात. उजनी धरण अजून व्हायचंय, भीमा आपल्या जुन्या पात्रातूनच वाहतेय. सोलापूरकडून कोळशाचं इंजिन धापा टाकत येतं. गाठोड्यांमधून वाट काढत तुम्ही डब्यात शिरता. दौंड, पुणे, बोरघाट, मग बोरीबंदर.

मुंबईत गाठायची आहे ती बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची तालीम. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी 1935 मध्ये हा वाद्यवृंद उभा केला. समोर गोव्याचे वादक बसलेत. नोटेशन वाचणाऱ्या या मंडळींशिवाय त्या काळच्या मुंबईत ना सिंफनी वाजते, ना सिनेमाचं रेकॉर्डिंग होतं. आज मेहलींनी छडी मुलाच्या हाती दिलीय. झुबिन फक्त सोळा वर्षांचा आहे. बापाच्या वयाचे वादक त्याच्या हाताकडे बघतात आणि तो हात खाली येताच वाजवू लागतात.

पोरानं डॉक्टर व्हावं अशी घरची इच्छा. तो झेवियर्स कॉलेजात जातो खरा, पण मन तिथं रमत नाही. 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्ना गाठतो. तुम्हीही चला.

म्युझिकफेराइनचं सोनेरी सभागृह. कार्ल ब्योम व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून ब्राह्म्सची पहिली सिंफनी वाजवून घेतायत. सुरुवातीलाच टिंपनीचे एकसारखे ठोके पडू लागतात, त्यावर व्हायोलिनं वर चढत जातात आणि पायाखालची फळी थरथरते. या तोडीचा वाद्यवृंद झुबिन आयुष्यात पहिल्यांदा समोर ऐकतोय. त्याचा चेहरा नीट बघून घ्या.

अकादमीत गुरू आहेत हान्स स्वारोव्स्की. झुबिन डबल बास वाजवतो, स्वरलिपी घोकतो. पण थोरामोठ्यांच्या तालमींना विद्यार्थ्यांना मज्जाव! मग तो आणि त्याचा इटालियन मित्र क्लाउडिओ अबाडो एक शक्कल लढवतात: दोघं गायकवृंदात नाव घालतात. आता गायकांच्या रांगेत उभं राहून, अगदी समोरून, कारायान आणि ब्रुनो वॉल्टर यांचे हात बघता येतात. कुठं थांबवलं, कुणाला नुसत्या नजरेनं आत घेतलं, कुठं हात मुद्दाम लहान ठेवला, सगळं टिपता येतं. माझ्या मते मेहतांची खरी शाळा हीच.

पुढची वर्षं भराभर सरतात. 1958 ला लिव्हरपूलच्या वाद्यवृंद-संचालन स्पर्धेत पहिला नंबर. 1962 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकची सूत्रं हाती. 1978 पासून तेरा वर्षं न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. इस्रायल फिलहार्मोनिकशी तर जन्माचं नातं. या सगळ्यात नागरिकत्व मात्र भारताचंच.

एका ठिकाणी मात्र थांबा. जून 1994, सारायेव्हो. शहराला वेढा पडलाय. तोफांनी जाळलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अवशेषांत मेहता मोझार्टचं रेक्विएम सादर करतात. डोक्यावर छप्पर नाही. मेलेल्यांसाठीची ही प्रार्थना इथं ऐकली की संगीत कशासाठी असतं, हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

आता 29 एप्रिल 2016. झुबिन मेहता आज ऐंशी वर्षांचे झाले, आणि आजच जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ हा सिनेमा प्रदर्शित होतोय. संगीतकार अजय-अतुलनी त्याच्या संगीतातला सिंफनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्ड केलाय, म्हणजे मेहतांनी सोळा वर्षं गाजवलेल्या शहरात. आर्ची-परश्याच्या मागं वाजणारी ती व्हायोलिनं आपल्या करमाळ्याच्या उसाच्या फडात कुठंही परकी वाटत नाहीत.

म्हणून जेऊर-करमाळ्याच्या शाळांतल्या गुरुजी-बाईंना एकच विनंती. ‘सैराट’ची गाणी पोरांना पाठ आहेतच. एखाद्या शनिवारी त्यांना ब्राह्म्सची पहिली सिंफनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवा. साधारण पाऊण तास लागतो.