परतीचें भाडें : गिरमिटाच्या करारांतील एक कलम

परमुलखांत मुदतीच्या करारानें मजूर नेणाऱ्या धन्यावर कोणकोणतीं बंधनें असत, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वकिलांचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो जुन्या कागदांचाही प्रश्न आहे. पगार, शिधा, कपडालत्ता, औषधपाणी हीं कलमें बहुतेक करारांत थोड्याफार फरकानें सांपडतात. फार बदलतें तें एक कलम : मजुरास घरीं परत पोंचविण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा, आणि त्याबद्दल तारण कोणीं ठेवावयाचें. धनी आणि मजूर यांचें खरें नातें या कलमांत जितकें दिसतें तितकें पगाराच्या आंकड्यांत दिसत नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडेसें. 'ॲग्रीमेंट' याचें मजुरांच्या तोंडीं 'गिरमिट' झालें व त्यावरून 'गिरमिटिया' हा शब्द निघाला. मराठींत गिरमिट हें सुताराचें भोंक पाडण्याचें हत्यार. तो शब्द निराळ्याच इंग्रजी शब्दापासून आलेला आहे. तेव्हां दप्तराची यादी करतांना 'गिरमिट' आढळल्यास संग्राहकानें मागचापुढचा संदर्भ पाहूनच अर्थ करावा.

मॉरिशस येथील उसाच्या मळ्यांसाठीं हंटर-अर्बथनॉट कंपनीनें ३६ मजुरांशीं कलकत्त्यास १० सप्टेंबर १८३४ रोजीं करार केला. 'ॲटलस' जहाजानें ही मंडळी २ नोव्हेंबर १८३४ रोजीं त्या बेटावर उतरली. पुरुषास दरमहा ५ रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ इत्यादि शिधा व वर्षाचे कपडे, अशी बोली होती. पांच वर्षें पुरी केल्यास परतीचें भाडें मालकाचें. परंतु मुदतीपूर्वीं परतण्याचा प्रसंग आल्यास त्याची तजवीज म्हणून प्रत्येकाच्या पगारांतून दरमहा एक रुपया अडकवून ठेवावयाचा होता. म्हणजे पगाराचा पांचवा हिस्सा धन्याच्याच तिजोरींत तारण ! बंधन धन्याचें आणि तारण मजुराचें, अशी ही उलटी रीत होती.

१८३७ च्या पांचव्या कायद्यानें असे करार सरकारी अंमलदारासमोर व्हावे, मुदत पांच वर्षांहून अधिक नसावी आणि मुदतीअंतीं मजुरास मूळ बंदरीं परत आणण्याची सोय असावी, असें ठरविलें. तथापि मजुरांच्या हालांविषयीं ओरड झाल्यामुळें १८३९ च्या चौदाव्या कायद्यानें ही निर्यातच बंद झाली. पुढें १८४२ च्या पंधराव्या कायद्यानें मॉरिशसपुरती ती पुन्हां खुली करतांना कलकत्ता व मद्रास यांबरोबर मुंबई बंदरासही परवानगी मिळाली. महाराष्ट्राचा संबंध येथून येतो. रत्नागिरी, कुलाबा, ठाणें, सातारा या भागांतील लोक मुंबईहून मॉरिशसला गेले. त्यांचे वंशज आजही तेथें मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते.

या लोकांचीं नोंदणीपुस्तकें मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आहेत. मजुराचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, जिल्हा, गांव व जहाज अशा नोंदी त्यांत सांपडतात. लिहिणारे कारकून परभाषी, त्यामुळें कोंकणी गांवांचीं नांवें ओळखूं येणार नाहींत इतकीं बिघडलेलीं असतात. आणखी एक सावधगिरी सुचवितों. ठाणें खाडीच्या पूर्वेस आज नवी मुंबई वसली आहे, तिच्या लगतचा पनवेल तालुका व उरण महाल १८८३ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होते, नंतर ते कुलाब्यांत गेले. तेथील मनुष्याचा शोध कुलाब्याच्या नोंदींत घेणारा अभ्यासक रिकाम्या हातानें परतेल.

परतीचें भाडें मात्र मॉरिशसमध्यें टिकलें नाहीं. १८५० नंतरच्या दशकाच्या आरंभीं नव्या मजुरांपुरती फुकट परतीची सवलत काढून घेण्यांत आली. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा रोज कापण्याची रीत तेथें होतीच. अशा पगारांतून जहाजाचें भाडें शिल्लक टाकणें किती जणांस साधलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. मुदतीचा मजूर कायमचा रहिवासी झाला तो पुष्कळ अंशीं या एका कलमाच्या लोपामुळें. उलट १८९६ पासून युगांडा रेल्वेसाठीं कराचीहून (कराची त्या काळीं मुंबई इलाख्यांतच होती) सुमारें ३२,००० मजूर तीन वर्षांच्या करारानें नेले, त्यांच्या करारांत परतीचें भाडें होतें. त्यांतील सुमारें ६,७०० च मागें राहिले. सुमारें २,५०० मेले, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

या विषयावर पुण्यांतील दोन थोर पुरुषांचीं मतें वेगळीं पडलीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९३ सालीं औद्योगिक परिषदेपुढें वाचलेल्या निबंधांत परदेशगमनाकडे देशांतील दाट लोकसंख्येचा भार हलका करणारा उपाय म्हणून पाहिलें. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१० सालीं नाताळपुरती ही भरती बंद करण्याचा ठराव कायदे कौन्सिलांत संमत करून घेतला, व ४ मार्च १९१२ रोजीं ही पद्धतिच नष्ट करावी असा ठराव आणला. तो फेटाळला गेला. १९१७ सालीं भरती थांबली तेव्हां गोखले हयात नव्हते. गुरूनें कायद्याचे शब्द आणि निघून गेलेल्यांची मिळकत पाहिली, शिष्यानें ते शब्द परमुलखांत अंमलांत कसे येतात हें पाहिलें, असा या मतभेदाचा अर्थ आम्ही लावतों.

१९८३ च्या स्थलांतर कायद्यानें भरती करणाऱ्या दलालाकडूनच तारण घेण्याची तरतूद केली व अडकलेल्या कामगारास परत आणण्याचा खर्च त्यांतून भागविण्याची सोय केली. त्याखालील नियमांनीं पगार, निवास व अन्न यांबरोबर, कामगार मेल्यास त्याच्या देहाची व्यवस्था कोणीं करावी हेंही करारांत लिहावयास लावलें. नाविकांचा कायदा वेगळा. बेलापूर-वाशीकडे जहाजांवर माणसें पाठविणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, त्यांच्या करारांस २००६ चा सागरी श्रम करार लागूं पडतो. हिंदुस्थानानें तो २०१५ सालीं मान्य केला. त्यांत १८ जानेवारी २०१७ पासून अंमलांत आलेल्या सुधारणेनें जहाजमालकानें नाविकाच्या परतीच्या खर्चाची व चार महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराची आर्थिक हमी ठेवली पाहिजे, असें ठरलें. तारण अखेर धन्याकडे गेलें. त्या हमीचा दाखला जहाजावर नाविकांच्या नजरेस पडेल अशा जागीं लावावा लागतो. तो इंग्रजींत असतो किंवा त्यास इंग्रजी भाषांतर जोडावें लागतें, आणि मुदत संपली कीं नवा लावतात. जुन्याची एखादी प्रत कोणा संग्राहकाच्या हातीं आल्यास त्यानें ती १८३४ च्या कराराच्या नकलेशेजारीं ठेवावी.