कळी कधी कापायची?

हारात ओवायचा गुलाब उमललेला लागतो. कनौजच्या अत्तरवाल्यांनाही उमललेलाच हवा, तोही उन्हं चढायच्या आत, कारण ऊन तापलं की पाकळीतलं सुगंधी तेल उडायला लागतं. गुलाबाच्या तोडणीचा मुहूर्त शतकानुशतकं असा घड्याळावर ठरे. कळी कापून नेणं म्हणजे मालाचं नुकसानच.

हे गणित बदललं ते चीनच्या गुलाबांमुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते युरोपात पोचले, तिथल्या जातींशी त्यांचे संकर झाले आणि 1867 मध्ये फ्रान्सच्या ग्विलो यांनी ‘ला फ्रान्स’ ही जात आणली. हायब्रीड टी घराण्यातली पहिली जात म्हणून बहुधा तिचंच नाव घेतात. या घराण्याची कळी उंच, टोकदार, सावकाश उलगडणारी. गिऱ्हाईक आता फुलाइतकेच त्या उलगडण्याचे पैसे मोजू लागलं. फूल उमलायचं ते त्याच्या घरी, फुलदाणीत. मग बागेत ते नेमकं कुठल्या टप्प्यावर कापायचं, हा नवाच प्रश्न उभा राहिला. पुढे फुलं विमानानं जायला लागली, तसा तो आणखी टोकदार झाला.

बाजार जितका लांब तितकी कळी घट्ट, असा सरळ हिशेब वाटतो. पण त्याला खालून मर्यादा आहे. उमलण्यासाठी पाकळ्यांत साठलेल्या स्टार्चची साखर व्हावी लागते. ती साखर पाणी ओढून घेते, पेशी फुगतात आणि पाकळी पसरते. हा साठा होण्याआधीच कळी कापली तर ती उमलत नाही. शिवाय कळीखालचा देठ अजून कोवळा असतो. पाणी जरा कमी पडलं की तो वाकतो, फूल मान टाकतं. उशीर झाला तर वेगळीच पंचाईत: पाकळ्या बंचमध्ये घासून डागाळतात आणि फुलदाणीतले दिवस घटतात.

मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये सिकेटर घेऊन ओळीतून जाणारी बाई म्हणून कळीचा तळ बघते. हिरवी निदलं खाली वळली आहेत का? बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सुटायला लागली आहे का? लाल-गुलाबी जातींना ही खूण चालते. पिवळा गुलाब त्याच्या किंचित आधी कापतात, पांढरा किंचित नंतर. दांडी कापताना खाली पाच पर्णिकांची दोन पानं राखायची, कारण पुढचा फुटवा तिथूनच येणार. मग दांड्या लगेच पाण्याच्या बादलीत आणि तिथून शीतगृहात.

घड्याळ अगदीच सुटलं असंही नाही. दिवसभर ऊन खाल्लेल्या झाडाच्या फुलात संध्याकाळी साखर जास्त असते, तर सकाळी दांडीत पाणी भरपूर. भर दुपारची कापणी मात्र टाळलेलीच बरी.

खरी परीक्षा फेब्रुवारीत. 14 तारखेचा बाजार साधायचा म्हणून छाटणी डिसेंबरातच उरकलेली असते; छाटणीपासून फुलापर्यंत साधारण दीड महिना. पण थंडी लांबली की कळ्या मागे राहतात, आणि दर तर याच आठवड्यात चढलेले. अशा वेळी दोन दिवस आधीच सिकेटर चालवायचा मोह होतो. ती कळी विकली जाते, दिसतेही छान. पण घेणाऱ्याच्या घरी ती बहुधा उमलत नाही, आणि तो दोष देतो फुलवाल्याच्या पाण्याला.