रिश्र्याचं गोणपाट, कोन्नगरचे बूट

बराकपूरच्या धोबीघाटावरून लाँचमध्ये बसलं की हुगळीच्या पलीकडे श्रीरामपूर. आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. हे श्रीरामपूर डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं, आणि विल्यम केरीने इथूनच १८०५ मध्ये मराठी भाषेचं व्याकरण छापलं. त्याच्यावर पुढे कधीतरी सवडीने लिहीन. आजचा विषय पायात घालायच्या आणि खांद्याला लटकवायच्या वस्तूंचा आहे.

झालं असं की सुट्टीवर जायच्या आधी मुलीचा फोन आला. "पप्पा, तुम्ही कोलकात्याजवळच आहात ना? मग येताना ज्यूटची टोट बॅग आणा. आणि पांढरे कॅनव्हासचे स्नीकर्स. लेदर नको, सस्टेनेबल पाहिजेत." टोट बॅग म्हणजे काय ते मला कळेना, म्हणून तिने फोटो पाठवला. बघतो तर गोणपाटाची पिशवी! माझी आई खताची नाहीतर साखरेची रिकामी बारदानं ओढ्यावर धुवून आणायची, दाभणाने शिवायची आणि बाजाराच्या दिवशी घेऊन जायची. तिच्या पिशवीला कोणी फॅशन म्हटलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

मी हसलो खरा, पण त्या दोन वस्तूंची नावं डोक्यात राहिली. कारण श्रीरामपूरहून हावड्याच्या लोकलमध्ये बसलं की पुढचं स्टेशन रिश्रा आणि त्याच्या पुढचं कोन्नगर. भारतातली पहिली तागाची गिरणी रिश्र्यात उभी राहिली आणि बाटाचा भारतातला पहिला कारखाना कोन्नगरात. मुलीने मागितलेल्या दोन्ही गोष्टींची मुळं लागोपाठच्या दोन स्टेशनांवर. (कोन्नगरच्या पुढचं स्टेशन हिंदमोटर, जिथे अँबेसिडर गाडी बनायची. पण तो आणखी वेगळा लेख.)

आधी रिश्रा. ताग बंगालमध्ये फार जुना. चार महिन्यांत माणसाच्या दुप्पट उंच होतो, मग कापून डबक्यात दोन-तीन आठवडे कुजत ठेवायचा आणि पाण्यात उभं राहून हाताने सोलायचा. गावातले विणकर हातमागावर त्याचं तरट विणत. युरोपात त्याला कोणी विचारत नव्हतं, कारण धागा राठ, यंत्रात तुटायचा. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात देवमाशाच्या शिकारीचा धंदा होता, तेल मुबलक होतं. तागाच्या धाग्याला पाणी आणि ते तेल पाजलं की तो मऊ पडतो आणि यंत्रावर कातता येतो, हे तिथल्या लोकांना १८३० च्या दशकात जमलं. तरीही जवस आणि भांगेच्या जातीचे धागे रशियातून येत होते तोवर तागाला मोठी मागणी नव्हती. मग क्रिमियाचं युद्ध लागलं. १८५३ ते १८५६. रशियाचा माल थांबला आणि बंगालचा ताग वर आला. म्हणजे ज्याला आज पृथ्वी वाचवणारा धागा म्हणतात, त्याचं नशीब एका लढाईने उघडलं.

१८५५ मध्ये जॉर्ज ॲकलंड नावाच्या इंग्रजाने डंडीहून कताईची यंत्रं आणून रिश्र्याला गिरणी काढली. चार वर्षांनी बराहनगरला वाफेवर चालणारे माग आले. त्या दोन सालांच्या मधे १८५७ येतं, आणि मंगल पांडेने ज्या परेड ग्राऊंडवर बंदूक उचलली ते माझ्या लाईनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इकडे पलटणी पेटत होत्या आणि तिकडे नदीपलीकडे गिरणीची चाकं फिरत होती. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत असतात. लाँचमधून दोन्ही काठ एकदम दिसतात.

पहिल्या महायुद्धात तर खंदकांच्या लढाईला वाळूच्या पोत्यांचा तुटवडा पडू नये म्हणून हुगळीकाठच्या गिरण्या दिवसरात्र चालल्या आणि मालकांनी अफाट नफा कमावला. वाळूचं पोतं म्हणजे काय हे मला सांगायला नको. एलओसीवर असताना मोर्च्यासाठी मी इतकी पोती भरली आहेत की डोळे मिटून गाठ मारू शकतो. तागाचं पोतं हाताला बरं, एकावर एक रचलं की घसरत नाही. पण एक पावसाळा झाला की ते कुजतं, आणि मग पोतं उचलायला जावं तर हातात नुसता चिखल. प्लास्टिकचं पोतं कुजत नाही, उन्हाने त्याचा भुगा होतो आणि त्याचे पांढरे धागे झुडपांना वर्षानुवर्षं लटकलेले राहतात. टिकाऊ म्हणजे काय, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला. माझ्या मुलीला टिकाऊ म्हणजे जे लवकर मातीत मिळतं ते. माझ्या उस्तादाला टिकाऊ म्हणजे जे मातीत मिळत नाही ते. दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे.

फाळणीने तागाचे दोन तुकडे केले. गिरण्या सगळ्या इकडे राहिल्या आणि कच्चा ताग पिकवणारी बहुतेक जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. १९४९ च्या सप्टेंबरात भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही, आणि भावावरून दोन्ही देशांमधला व्यापारच ठप्प झाला. मग पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमधल्या शेतकऱ्यांनी भाताच्या रानात ताग घातला आणि गिरण्या जगवल्या. पुढे प्लास्टिकच्या पोत्यांनी तागाला घेरलं, तेव्हा १९८७ मध्ये सरकारला कायदा करून धान्य आणि साखर तागाच्या पोत्यात भरणं बंधनकारक करावं लागलं. आजही हा धंदा मुख्यतः त्या सरकारी पोत्यावर उभा आहे. टोट बॅग वगैरे वरची फोडणी.

रिश्र्यात एका गिरणीच्या गेटसमोर चहा पिताना आरा जिल्ह्यातले एक बुजुर्ग भेटले. त्यांचे आजोबा चटकलीत, वडील चटकलीत, ते स्वतः चटकलीत. गिरणीला तिकडे चटकल म्हणतात. मी त्यांना मोबाईलवर मुलीने पाठवलेला फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून आधी वीण बघितली, मग किंमत बघितली, आणि मोबाईल परत देत म्हणाले, "फौजी साहब, इतने में तो हमारा तीन दिन निकल जाता है."

आता कोन्नगर. बाटा ही भारतीय कंपनी आहे असं आमच्या युनिटमधल्या निम्म्या पोरांना वाटतं. मलाही नोकरीला लागेपर्यंत तसंच वाटायचं. प्रत्यक्षात १८९४ मध्ये टोमास बाटा, त्याचा भाऊ आणि बहीण यांनी झ्लीन गावात ती सुरू केली. तो भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. सुरुवातीलाच चामडं घ्यायला पैसे कमी पडले म्हणून त्यांनी वर कापड आणि खाली चामडं असा स्वस्त बूट काढला आणि तोच चालला. पहिल्या महायुद्धात फौजेला बूट पुरवून कारखाना वाढला. युद्धानंतर मंदी आली तेव्हा १९२२ मध्ये बाटाने एका फटक्यात किमती अर्ध्यावर आणल्या. १९३१-३२ च्या हिवाळ्यात तो विमानाने भारतात येऊन गेला. कोट्यवधी लोक अनवाणी चालणारा देश. दुसऱ्या कोणाला त्यात गरिबी दिसली असती, त्याला गिऱ्हाईक दिसलं. १९३२ मध्ये कोन्नगरला काम सुरू झालं. त्याच वर्षी जुलैत टोमास विमान अपघातात गेला. कोन्नगरची जागा अपुरी पडली म्हणून १९३४ मध्ये कोलकात्याच्या दक्षिणेला नदीकाठीच बाटानगरची पायाभरणी झाली. शाळेतल्या कवायतीसाठी इथे १९३६ मध्ये पांढरा कॅनव्हासचा बूट निघाला असं कंपनी सांगते. आपण सगळ्यांनी खडू घासून पांढरा केला, तोच तो.

हा बूट बनतो कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकटतं आणि थंडीत तडकतं. रबरात गंधक घालून तापवलं की ते दोन्ही दोष जातात, हे अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं आणि १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. कॅनव्हासचा बूट हा त्याच शोधाचा नातू. साच्यावर कापड ताणून बसवतात, खाली कच्च्या रबराचा तळ, कडेने रबराची पट्टी, आणि मग अख्खा बूट वाफेच्या भट्टीत. भट्टीतून बाहेर येतो तेव्हा कापड, पट्टी आणि तळ एकजीव झालेले असतात. अमेरिकेत १९१६ मध्ये केड्स आले आणि पुढच्याच वर्षी कॉन्व्हर्सचा ऑल स्टार. रबरी तळाने पाऊल वाजत नाही, म्हणून लपतछपत चालणाऱ्या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून 'स्नीकर' हे नाव पडलं. रात्रीच्या पेट्रोलिंगवर गेलेल्या कोणालाही हे नाव लगेच पटेल. मलायाच्या जंगलातल्या लढाईतही कॅनव्हास आणि रबराचेच जंगल बूट होते. पाणी शिरतं, पण लगेच निघूनही जातं.

आता जरा मागे जातो, कारण हे सगळं लिहायचं खरं कारण मागे आहे. २९ जुलै १९११. कोलकात्याच्या मैदानावर आयएफए शील्डची फायनल. एका बाजूला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, बूट घातलेली गोरी पलटण. दुसऱ्या बाजूला मोहन बागान, अकरापैकी दहा जण अनवाणी. फक्त सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. पहिला गोल पलटणीचा. मग शिबदास भादुरींनी बरोबरी केली आणि अभिलाष घोषने दुसरा गोल मारला. २-१. आजही मोहन बागानवाले तो दिवस पाळतात. ही कथा ऐकताना अनवाणी पायांचं कौतुक करायची आपल्याला सवय आहे. पण कथा तिथे संपत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळले आणि फ्रान्सकडून २-१ ने हरले, दोन पेनल्टी हुकल्या. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ ने धुतलं. (त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबांनी कुस्तीत कांस्य आणलं.) त्यानंतर आपल्या फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले. एक्केचाळीस वर्षं आपण एका विजयाच्या आठवणीवर अनवाणी खेळत होतो.

मी भरतीला गेलो तेव्हा चुलतभावाचे कॅनव्हासचे बूट मागून नेले होते. आदल्या संध्याकाळी सराव करताना उजव्या बुटाचा तळ चवड्यापासून उचकटला. सोळाशे मीटर मी अनवाणी धावलो. माझ्यासारखे निम्मे तरी अनवाणीच होते. खडीचा ट्रॅक, तिसऱ्या फेरीत टाचेखाली काहीतरी घुसलं. पास झालो. पण माझ्या पुढे धावणारा एक पोरगा पाय धरून खाली बसला तो उठलाच नाही. तो माझ्यापेक्षा वेगाने धावत होता. ट्रेनिंग सेंटरला पहिल्यांदा नवे कोरे पीटी शूज मिळाले तेव्हा मला तो आठवला, आणि अजूनही नवी जोडी इश्यू झाली की आठवतो. म्हणून अनवाणी पायांच्या कविता मला सहन होत नाहीत. बूट स्वस्त होणं ही लहान गोष्ट नाही.

मग मुलगी म्हणते ते सस्टेनेबल वगैरे खोटं का? तसंही नाही. २०१३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी पळायच्या बुटांच्या एका जोडीचा हिशोब मांडला होता. ६५ सुटे भाग, ३६० कामं, आणि जोडीमागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साईड. त्यातला बराचसा माल तयार करतानाचा. फोम, पॉलिएस्टर, गोंद, सगळं असं चिकटवलेलं की मोची हात लावायला तयार नाही. बराकपूर स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे मी माझे महागातले रनिंग शूज नेले होते. त्याने वाकवून बघितले आणि परत दिले. कॅनव्हासचा बूट मात्र त्याने कडेने टाका घालून दहा मिनिटांत उभा केला. कोल्हापुरी पायताण तर हिरडा-बाभळीच्या सालीने कमावलेलं कातडं आणि चामड्याच्याच वादीची शिवण. तळ झिजला की नवा लावायचा, अंगठा तुटला की शिवायचा. स्पेनमध्ये दोराच्या तळाची वहाण असते, पायदळाचे सैनिकसुद्धा ती घालत. पुढे तिचा तळ तागाचा झाला. म्हणजे ताग आणि पायताण यांची गाठ रिश्रा-कोन्नगरच्या बाहेर कधीच पडली होती.

कोन्नगर स्टेशनवर उतरून मी बाटाचा जुना कारखाना कुठे होता ते चार जणांना विचारलं. चौघांनीही मला बाटानगरला कसं जायचं ते समजावून सांगितलं. एकाने तर गाडी बदलायचं स्टेशनही कागदावर लिहून दिलं.

पिशवी घेतली ती श्रीरामपूरच्या बाजारात, साधी, बिनछपाईची. बूट कँटीनमधून, पांढरे. घरी पोचल्यावर मुलीने दोन्ही उलटंपालटं करून बघितलं. बूट आवडले. पिशवीला आतून कप्पा नाही म्हणाली. मग आईने तिच्या हातातून पिशवी घेतली, कापड चिमटीत धरून बघितलं आणि दाभण शोधायला आत गेली.