कार्ल्याचे दान आणि भाड्याच्या घराची अट

मावळातील कार्ले लेण्यांच्या चैत्यगृहावर एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी वलूरक, म्हणजे आजचे कार्ले, येथील लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक गाव दान दिल्याचे त्यात नमूद आहे. हे दान ‘चातुदिस संघा’साठी, वर्षावासास येणाऱ्या सर्वांसाठी होते. कोण कोणत्या कुळातला, ही विचारणा त्यात नाही. याच लेण्याच्या दात्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत, तसेच सुतार आणि गंधीही आहेत.

ही परंपरा खंडित झाल्यानंतर काय घडले, हे १९१७ च्या बडोद्याने दाखविले. संस्थानच्या सेवेसाठी गेलेले बाबासाहेब पारशी नाव धारण करून एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियातील उच्च शिक्षणही त्यांना निवारा देऊ शकले नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी सर्वांस खुल्या केल्या. खाजगी भाड्याच्या घराचा उल्लेख मात्र त्यात नाही. ही उणीव १९५५ च्या अधिनियमाने काही अंशी भरून काढली. १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याच्या कलम ४ नुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा अपराध आहे. कलम १२ नुसार पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असल्यास कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करावयाचे. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले ते १९९० मध्ये. म्हणजे दीक्षेनंतरची चौतीस वर्षे या गृहीतकाचा आधार आपल्याला नव्हता.

भेदाची भाषाही बदलली आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने वंश वा धर्म पाहून भाडेकरू निवडणाऱ्या जाहिरातींनाच मनाई केली. आपल्याकडे भाड्याच्या जाहिरातींसाठी अशी स्वतंत्र तरतूद नाही. लोणावळ्यासारख्या बंगल्यांच्या गावी ‘केवळ शाकाहारी कुटुंबास’ ही अट जातीचे नाव घेत नाही. म्हणूनच ती न्यायालयात पकडणे अवघड जाते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियमही वैध ठरविला.

म्हणून आम्हास वाटते, नकार मिळालेल्या बांधवाने मुकाट्याने परतू नये. जाहिरात जपावी, तारीख व संभाषण लिहून ठेवावे, साक्षीदार सोबत न्यावा. कार्ल्याच्या दात्यांनी आपले दान दगडावर कोरून ठेवले, म्हणूनच ते आज आपल्याला वाचता येते. नकाराचीही तशीच नोंद राहिली पाहिजे.