अल्लाहची नव्याण्णव नावे आणि जॉन टॅव्हनर

१९ जून २००७ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये अल्लाहची नव्याण्णव नावे गायली गेली. अरबीत, बीबीसीच्या सिम्फनी वाद्यवृंदासह. ही जागा म्हणजे इंग्लंडमधल्या कॅथलिकांचे मुख्य चर्च. संगीतकार जॉन टॅव्हनर ना कॅथलिक, ना मुसलमान. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. आणि 'द ब्यूटिफुल नेम्स' ही रचना त्यांच्याकडून करवून घेतली होती युवराज चार्ल्स यांनी. लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्ब फुटून ५२ माणसे मेली, त्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. काही कॅथलिकांनी या कार्यक्रमाला विरोध केला.

विरोध आपल्याकडूनही होऊ शकला असता. अस्माउल हुस्ना आपल्या घरांत भिंतीवरच्या चौकटीत असते, तसबीहच्या मण्यांवर असते. तिला वाद्यांची साथ द्यावी का, यावर आपल्यात एकमत होणे अवघड. मौसिकीचा वाद जुना आहे. किरात आणि अजान यांत सूर आहेत हे सगळ्यांना ऐकू येते, पण त्यांना कोणी गाणे म्हणत नाही. मला त्या वादापेक्षा दुसराच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. हा माणूस तिथवर पोहोचला कसा?

टॅव्हनर १९४४ साली लंडनमध्ये जन्मले. १९६८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, 'द व्हेल'ने त्यांचे नाव झाले. विषय होता माशाच्या पोटात गेलेल्या पैगंबराचा, म्हणजे आपल्या हजरत युनूस यांचा. संगीत मात्र त्या काळाला शोभणारे, गोंगाटी. पुढे त्याची रेकॉर्ड बीटल्सच्या ॲपल कंपनीने काढली. तरुण संगीतकाराला आणखी काय हवे? पण १९७७ मध्ये त्यांनी ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि पुढची वीसेक वर्षे मुख्यतः त्याच परंपरेत घालवली. बायझंटाइन गायनात 'आयसन' म्हणजे एकच सूर खाली अखंड धरून ठेवतात. तानपुरा ऐकलेल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९९३ मध्ये लिहिलेले 'साँग फॉर अथीनी' अशाच एका धरलेल्या सुरावर उभे आहे. १९९७ साली राजकन्या डायनाची शवपेटी वेस्टमिन्स्टर ॲबीतून बाहेर नेताना जगाने ऐकले ते हेच.

म्हणजे जगभरच्या संस्कृतींकडे ते वळले ते एका परंपरेत मुरल्यानंतर. थोडी सतार, थोडा ढोल टाकून 'पूर्वेचा रंग' देणारे संगीतकार पाश्चात्य जगात कमी नाहीत. टॅव्हनर यांना मी त्यांच्यात धरत नाही.

२००२ च्या 'लॅमेंट फॉर जेरुसलेम'मध्ये त्यांनी ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांशेजारी मौलाना रूमींचे शब्द ठेवले. २००३ मध्ये आले 'द व्हेल ऑफ द टेम्पल'. रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत सुमारे सात तास चालणारे. त्यात ग्रीक आहे, ॲरमेक आहे, संस्कृत आहे. तिबेटी शिंग, आर्मेनियाचे दुदुक आणि आपली बाजाची पेटीसुद्धा आहे. पण मला थांबायला लावते ती जागा. लंडनचे टेम्पल चर्च टेम्पलर सरदारांनी बांधले, सलीबी युद्धांत मुसलमानांशी लढणाऱ्या त्याच टेम्पलरांनी. त्याचा गोल भाग जेरुसलेममधल्या ईसांच्या समाधीच्या चर्चवर बेतलेला आहे. ११८५ मध्ये त्याचा अभिषेक झाला आणि दोनच वर्षांनी सलाहुद्दीन यांनी जेरुसलेम जिंकले. हत्तीनच्या लढाईनंतर कैद झालेल्या टेम्पलरांना त्यांनी ठार करवले. आठशे वर्षांनी त्याच भिंतींच्या आत संस्कृत शब्द गायले जावेत, ही गोष्ट इतिहासाच्या कुठल्या रकान्यात बसवायची?

टॅव्हनर यांच्यावर या काळात फ्रिथजोफ शुऑन यांच्या पुस्तकांचा प्रभाव होता. शुऑन मूळचे स्वित्झर्लंडचे. अल्जीरियातल्या शेख अहमद अल-अलावी यांच्या तरीक्यात दाखल झालेले सूफी. सगळ्या धर्मांच्या गाभ्याशी एकच सत्य आहे, हे त्यांचे म्हणणे. इथे माझे टॅव्हनर यांच्याशी जमत नाही. 'सगळे एकच' म्हटले की ज्याचा धर्म अल्पसंख्य आहे त्याचे वेगळेपण आधी पुसले जाते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. पण त्यांनी नावांचे भाषांतर केले नाही, हे मला मोलाचे वाटते. 'अर-रहमान'चे इंग्रजी करून ते सर्वांना सोयीचे करता आले असते. त्यांनी इंग्रज गायकांच्या जिभेला अरबी उच्चार करायला लावले. त्या गायकांचा या नावांवर ईमान नसेल. तरी त्या संध्याकाळी त्यांना ती एकेक करून घ्यावी लागली.

त्याच वर्षाच्या शेवटी टॅव्हनर यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला. त्यातून ते सावरले, पण तब्येत कायमची खालावली. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. इस्लाम, हिंदू धर्म, रूमी इतके सगळे जवळ केले, तरी त्यांनी आपले चर्च सोडले नव्हते. विंचेस्टरच्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये त्यांना निरोप दिला गेला, तो ऑर्थोडॉक्स रीतीने.