शहाजोग हुंडी आणि बेनाम नाणी

संगमेश्वर म्हटलं की आपल्याला 1689 आठवतं, संभाजीमहाराजांची कैद. त्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय, मी पामर काय भर घालणार! मला या गावाचा व्यापारी इतिहास जास्त खुणावतो. जयगडच्या खाडीतून शास्त्री नदीने गलबतं इथवर यायची, आणि माल बैलांवर लादून आंबा घाटाने देशावर जायचा. (पुढे नदी गाळाने भरली आणि बंदर संपलं.) आता मालाचे पैसे परत कसे आणणार? घाटातून रुपयांच्या थैल्या नेणं म्हणजे चोरांना आमंत्रणच. अशा वाटांवर आपले व्यापारी हुंडी वापरायचे. इकडच्या सावकाराकडे पैसे भरा, तिकडच्या पेढीवर कागद दाखवून घ्या.

रक्कम अंकात, मग अक्षरात, वर 'निम्मे अमुक, त्याची दुप्पट' असंही लिहायचे, म्हणजे कोणी खाडाखोड करायला नको. चक्क चेकसम की हो!

पण खरी गंमत हुंडीच्या प्रकारांत आहे. एक प्रकार असा की कागद ज्याच्या हातात, पैसे त्याचे. नावगाव कोणी विचारणार नाही. दुसरी शहाजोग. आज आपण साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला शहाजोग म्हणतो, तो शब्द इथला. शाह म्हणजे पतदार माणूस. ही हुंडी बाजारात ओळख असलेल्या शाहामार्फतच वटायची, आणि ती चोरीची किंवा खोटी निघाली तर पैसे त्याने परत करायचे. म्हणजे तुमचा व्यवहार गावाला कळत नसे, पण शाहाला कळे आणि तो जबाबदारही असे.

बिटकॉइन याच्या बरोब्बर उलट. वही चव्हाट्यावर, फक्त नावांच्या जागी आकडे. एकदा तुमचा आकडा भाजीवाल्याला कळला की त्यावरची शिल्लक आणि मागचा हिशोब त्याला उघडा! सातोशीच्या 2008 च्या लेखातच हा धोका लिहिलेला आहे, पण "बिटकॉइन गुप्त असतं" हे लोकांच्या डोक्यातून जात नाही.

मोनेरोने (2014) घोळक्यात लपायचा मार्ग धरला. तुमच्या सहीबरोबर आज आणखी 15 लटक्या सह्या असतात, आणि 2017 पासून रक्कमही झाकलेली. झीकॅशने (2016) गणिती पुराव्याने अख्खा व्यवहारच पाकिटात घातला. हवं तर हिशेबनिसाला बघण्यापुरती किल्ली द्यायची. मला हेच शहाजोगच्या जवळचं वाटतं. मात्र पाकीट ऐच्छिक ठेवल्याने बराच काळ बहुतेक लोक उघडेच व्यवहार करत राहिले, आणि पाकिटं मोजकीच असली की लपणार कुठे?

सरकारला बेनाम कागद कधीच आवडला नाही. रिझर्व्ह बँक कायदा, 1934 च्या कलम 31 ने मागताक्षणी धारकाला पैसे देणारी हुंडी काढायला खाजगी लोकांना मनाई केली. मार्च 2023 मध्ये क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आली: ग्राहकाची ओळख ठेवा, संशयास्पद व्यवहार कळवा. म्हणजे शाह परत आला म्हणायचा, पण अर्धाच. नाव विचारणारा आला, भरपाई करणारा नाही. जुलै 2024 मध्ये वझीरएक्समधून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांची केवायसी रीतसर झालेली होती. तोटा त्यांच्यातच वाटला गेला.